फोन कुणाचा, बिल कुणाचे?

गेल्या गणपतीत आमच्या घरी आरत्या, मोदक आणि पत्ते यांच्या जोडीने एका न घेतलेल्या फोनवर तीन दिवस चर्चा चालली. संगमेश्वर तालुक्यातील एका वाडीत एकटी राहणाऱ्या माझ्या आत्याचा फोन निकामी झाला होता. तिला नवा कोणता द्यावा, हे ठरवण्याचे काम मुंबईचा एक, न्यू जर्सीचा एक आणि रत्नागिरीचा मी, अशा तिघा भाच्यांनी अंगावर घेतले. न्यू जर्सीकर तिथल्या एका कंपनीची योजना घेऊन आला होता. जुना फोन परत द्यायचा, एक जादा लाइन घ्यायची, की कंपनीचा सर्वांत वरच्या श्रेणीचा नवा फोन 'फुकट'. किंमत छत्तीस हप्त्यांत बिलात लागणार आणि त्याच छत्तीस हप्त्यांत बिलातून वजा होणार. मुंबईकराकडे विनाव्याज हप्ते, बँकेची सूट आणि जुन्या फोनची बदली यांचे स्वतंत्र गणित होते. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, बॅटरी किती तास, अद्यतने किती वर्षे, असा एक तक्ताही त्याने कागदावर काढला. आत्याने तक्ता चष्मा लावून पाहिला आणि विचारले, "अरे, हे सगळे खरे, पण आमच्या मागच्या पडवीत लागेल का तो? आणि बिल कोण भरायचे?"

हे दोन्ही प्रश्न तिचे एकटीचे नाहीत. रत्नागिरी जिल्ह्यात फोन ही वस्तू आली तेव्हापासून ते विचारले जात आहेत, आणि प्रत्येक पिढीत त्यांची उत्तरे निराळी निघाली आहेत. दूरसंचाराचा इतिहास सामान्यतः यंत्रांचा किंवा धोरणांचा लिहिला जातो. प्रस्तुत लेखात तो बिलाच्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न आहे: घर सोडून गेलेला आणि घरी राहिलेला, या दोघांत बोलण्याचे पैसे कुणी, केव्हा आणि कोणत्या योजनेखाली मोजले?

सुरुवात फोनच्या आधीपासून करावी लागते. कोकणच्या अर्थव्यवस्थेला मनीऑर्डरची अर्थव्यवस्था म्हणण्याचा प्रघात आहे, आणि तो अतिशयोक्त नाही. गिरणगावातला चाकरमानी महिन्याला पैसे पाठवी, गावचा पोस्टमन ते ओट्यावर मोजून देई. साहित्याच्या अभ्यासकांनी मनीऑर्डरच्या फॉर्मचा तळचा भाग कधीतरी बारकाईने पाहायला हवा. तिथे संदेशासाठी चार बोटे जागा असे. 'पैसे पाठवले आहेत. प्रकृती बरी आहे. शिमग्याला येतो' एवढेच तिथे मावे, आणि त्याचे वेगळे टपाल पडत नसे. पैसे आणि शब्द एकाच कागदावर, एकाच खर्चात, आणि खर्च पाठवणाऱ्याचा. गावाकडून उलट दिशेने जाणाऱ्या पोस्टकार्डाचा खर्चही अखेर त्याच मनीऑर्डरीतून निघे. म्हणजे दोन्हीकडचे बोलणे मुंबईच्या पगारावर चाले. पुढच्या सगळ्या इतिहासात हे सूत्र फारसे बदललेले दिसत नाही. बदलल्या त्या योजना.

भारतात दूरध्वनी केंद्रे २८ जानेवारी १८८२ रोजी कलकत्ता, मुंबई आणि मद्रास या तीन शहरांत सुरू झाली. कोकणातल्या खेड्यांशी त्याचा कित्येक दशके काही संबंध आला नाही. गंमत अशी की यंत्र गावात पोचण्याच्या खूप आधी त्याचा मराठी शब्द रत्नागिरीशी जोडला गेला. सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध होते, त्यांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीचा मोठा भाग याच वर्षांतला, आणि 'दूरध्वनी' हा शब्द त्यांच्या यादीतला म्हणून सांगितला जातो. शब्द उत्तम आहे यात शंका नाही. ध्वनी दूरचा असतो हे ज्याला जिल्ह्याबाहेर जाण्यास मनाई आहे त्याला अधिक तीव्रतेने सुचावे, हा माझा एक तर्क. त्याला पुरावा नाही. बोलताना मात्र लोकांनी 'फोन'च ठेवला. पुढे आलेला 'भ्रमणध्वनी' तर लग्नपत्रिका आणि सरकारी अर्ज यांपलीकडे फारसा भ्रमण करू शकला नाही.

ट्रंक कॉलच्या काळात मुंबई आणि रत्नागिरी यांच्यातले अंतर किलोमीटरमध्ये नव्हे, तर प्रतीक्षेत मोजले जाई. पोस्टात किंवा केंद्रात जाऊन कॉल नोंदवायचा. साधा, तातडीचा आणि अतितातडीचा असे दर चढते. ठरावीक व्यक्ती समोर आली तरच पैसे लागावेत यासाठी 'पीपी' कॉलची सोय होती. हीच दोन अक्षरे पुढे पत्रिकांवर आणि पत्त्यांच्या वह्यांत निराळ्या अर्थाने रुजली: स्वतःचा फोन नसलेला माणूस शेजाऱ्याचा क्रमांक देई आणि कंसात 'पीपी' लिही. एका क्रमांकावर आळीतील आठ-दहा घरे. जोडणीसाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी होती आणि अधिक अनामत भरून लवकर जोडणी मिळवण्याची 'ओन युअर टेलिफोन' नावाची योजनाही होती. तारतम्याने पाहिले तर श्रेणी लावून ग्राहक वेगळे करण्याची कल्पना खाजगी कंपन्यांनी शोधलेली नाही. ती डाक-तार खात्याच्या काळातली आहे.

खरा पालट ऐंशीच्या दशकाच्या अखेरीचा. १९८४ साली सी-डॉट ही संस्था स्थापन झाली आणि तिने खेड्यांसाठी लहान स्वयंचलित केंद्र तयार केले. त्याला वातानुकूलित खोली लागत नसे. कोकणच्या दमट हवेत हा तपशील किती मोलाचा, हे ज्याने पावसाळ्यात पुस्तकांना लागलेली बुरशी पाहिली आहे त्याला सांगायला नको. मागोमाग एसटीडी-पीसीओची पिवळी अक्षरे नाक्यानाक्यावर आली. रत्नागिरीचा कोड ०२३५२, चिपळूणचा ०२३५५, राजापूरचा ०२३५३. मुंबईतल्या एखाद्या चाळीत हे आकडे लोकांना घरच्या देवांच्या नावांसारखे पाठ असत.

या बूथचे एक वाङ्मयीन वैशिष्ट्य होते, त्यावर थोडे थांबावेसे वाटते. रात्री अकरानंतर दर चौथाई होई. त्यामुळे कुटुंबांची महत्त्वाची संभाषणे अकरा ते बारा या वेळेत, रांगेत उभ्या असलेल्या माणसांच्या देखत, लाल आकडे पळणाऱ्या यंत्राकडे डोळे लावून होत. वाक्ये आखूड झाली. 'बाकी काय' हा शब्दप्रयोग संभाषण संपवण्याची खूण झाला. दुसऱ्या टोकाला, गावात, बूथवाला पोराला धाडून माणसाला बोलावून आणी आणि मुंबईचा माणूस दहा मिनिटांनी पुन्हा फोन लावी. या सगळ्यात पैसे मोजणारा तोच, दूर गेलेला. गावाकडचा माणूस फार तर निरोप्या पोराच्या हातावर नाणे ठेवी. कादंबरीकारांनी पत्राचा जितका उपयोग केला तितका या बूथचा केला नाही, ही मला आपल्या साहित्यातील एक उणीव वाटते.

३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला सुखराम यांना केलेला कॉल हा भारतातला पहिला मोबाईल कॉल मानला जातो. त्या काळात मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता, आणि येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. रत्नागिरीच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट नकाशावर घडली. परवान्यांसाठी देशाची मंडळे पाडली गेली, तेव्हा मुंबई हे महानगर म्हणून स्वतंत्र मंडळ झाले, आणि उरलेला महाराष्ट्र व गोवा मिळून दुसरे. १९६० साली मुंबईसह महाराष्ट्र झाला. दूरसंचाराच्या नकाशात मात्र मुंबई वगळून गोव्यासह महाराष्ट्र झाला! या रेषेची किंमत सर्वांत जास्त कुणी मोजली असेल तर ती कोकणाने. कारण ज्या दोन माणसांना एकमेकांशी रोज बोलायचे होते, त्यांच्यातील एक रेषेच्या या बाजूला आणि दुसरा त्या बाजूला होता. परळहून कल्याणला केलेला कॉल स्थानिक होता, परळहून रत्नागिरीला केलेला परगावचा. शिवाय चाकरमानी गणपतीला गावी निघाला की मुंबईची हद्द सुटताच त्याच्या फोनवर स्वागताचा संदेश येई आणि तो 'रोमिंग'मध्ये जाई. स्वतःच्या जन्मगावी तो पाहुणा ठरे आणि आलेला फोन उचलण्याचेही पैसे भरी. २००५ साली या दोन मंडळांतील कॉल राज्यांतर्गत मानण्याचे ठरले. पुढच्याच वर्षी, १ मार्च २००६ पासून, बीएसएनएल आणि एमटीएनएल यांनी देशभर कुठेही मिनिटाला एक रुपया हा दर आणला. बीएसएनएलने रोमिंगमध्ये येणारे कॉल निःशुल्क केले ते जून २०१५ मध्ये. म्हणजे पहिल्या कॉलनंतर तब्बल वीस वर्षे गणपतीच्या वाटेवर ही अदृश्य जकात होती.

आता प्रस्तुत विषयाच्या गाभ्याशी येऊ. फोनचे यंत्र आणि फोनची जोडणी या दोन वस्तू आहेत की एक? अमेरिकेत त्या प्रदीर्घ काळ एक मानल्या गेल्या. यंत्र कंपनीकडून स्वस्तात घ्यायचे आणि दोन वर्षे तिच्याशी बांधून राहायचे. भारतात जीएसएम फोन घेणाऱ्याने यंत्र दुकानातून, पूर्ण किमतीला घेतले आणि कार्ड वेगळे. ही फारकत इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे कारण विचारायचे राहून जाते. कारण साधे आहे. भारतातले नव्वद टक्क्यांहून अधिक ग्राहक आधी पैसे भरणारे, म्हणजे प्रीपेडवाले. ज्याचा पुढच्या महिन्याचा पत्ता कंपनीला ठाऊक नाही, त्याला चोवीस महिन्यांच्या भरवशावर यंत्र कोण देणार? हप्ता ही मूलतः विश्वासाची संस्था आहे. वाण्याच्या वहीत ती चालते, कारण वाणी माणसाला ओळखतो.

एक मोठा अपवाद झाला. १ जुलै २००३ रोजी रिलायन्स इन्फोकॉमने 'मान्सून हंगामा' या नावाने ५०१ रुपयांत फोन आणि जोडणी देऊ केली. उरलेली किंमत महिन्याच्या बिलातून वसूल व्हायची. फोन सीडीएमए पद्धतीचा होता. त्यात काढता येण्यासारखे कार्ड नव्हते, क्रमांक यंत्रातच रुजवलेला, म्हणून यंत्र आणि कंपनी अविभाज्य. फोन कॉल पोस्टकार्डाहून स्वस्त झाला पाहिजे, हे धीरूभाई अंबानींचे स्वप्न म्हणून या योजनेबरोबर सांगितले जाई. पोस्टकार्ड पन्नास पैशांचे होते आणि कंपनीचा मिनिटाचा दर चाळीस पैशांपर्यंत उतरला होता, म्हणजे आकड्यांपुरते ते स्वप्न खरे ठरले. पाचशे एक हा आकडाही पाहण्यासारखा. पाचशे नव्हे, पाचशे एक: आहेराच्या पाकिटातली रक्कम. जाहिरात लिहिणाऱ्याच्या मनात ते असेल-नसेल, पण आमच्या नात्यागोत्यात तो फोन खरोखरच आहेरासारखा गावी गेला. मुलाने मुंबईत स्वतःच्या नावावर घेतला, आईच्या हातात दिला, आणि बिल मुंबईच्या पत्त्यावर येत राहिले. मनीऑर्डरीच्या तळच्या चार बोटांची जागा आता या बिलाने घेतली होती. देशभरात पुष्कळ ठिकाणी अशी बिले थकली आणि ती वसूल करणे कंपनीला जड गेले. यंत्र-जोडणीची गाठ इथे का टिकली नाही, याचे उत्तर बऱ्याच अंशी तिथे सापडते.

त्याच वर्षी आणखी दोन गोष्टी झाल्या. १ मे २००३ पासून येणारा कॉल निःशुल्क झाला. ज्याने फोन लावला त्याच्या कंपनीने, ज्याने उचलला त्याच्या कंपनीला मिनिटामागे काही पैसे द्यायचे, अशी व्यवस्था आली. दुसरी गोष्ट, नोकिया ११०० हा फोन बाजारात आला. समीक्षक ज्याला आज 'वैशिष्ट्ये' म्हणतात तसे त्याच्यात जवळजवळ काही नव्हते. कॅमेरा नाही, रंगीत पडदा नाही. होते ते असे: धूळ आत न जाणारा एकसंध कळफलक, हातातून न निसटणाऱ्या खडबडीत कडा आणि माथ्यावर विजेरी. कोकणातल्या पाखाडीवरून रात्री उतरणाऱ्या माणसाला पायाखालचे जनावर दाखवणारी विजेरी हे वैशिष्ट्य कोणत्याही कॅमेऱ्याहून वरचढ होते. जगभर पंचवीस कोटींहून अधिक खपलेला हा फोन श्रीमंत देशांतल्या ग्राहकासाठी बनवलाच नव्हता. फोनची वैशिष्ट्ये कोण तोलतो आणि कोणत्या काट्यावर, हा प्रश्न त्याने अगदी स्वच्छ मांडून ठेवला.

येणारे निःशुल्क आणि जाणाऱ्याला पैसे, या व्यवस्थेतून 'मिसकॉल' नावाची एक समांतर भाषा जन्मली. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे तू फोन कर. गावाकडून मुंबईला मिसकॉल जाई आणि मुंबईहून फोन येई. म्हणजे खर्चाचे जुने सूत्र अबाधित राहिले. हे निव्वळ ग्रामीण चातुर्य नव्हते, त्यामागे कंपन्यांचे जमाखर्चही होते. उचलणाऱ्या कंपनीला मिळणारी ती रक्कम २००९ मध्ये मिनिटाला २० पैसे झाली, २०१५ मध्ये १४, २०१७ मध्ये ६, आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य. २०१९ साली तर रिंग किती सेकंद वाजावी यावरून मोठ्या कंपन्यांत भांडण जुंपले. रिंग आखूड केली की समोरच्याचा मिसकॉल होतो, तो उलट फोन करतो आणि पैसे आपल्याकडे येतात! अखेर नियामक प्राधिकरणाला मोबाईलची रिंग तीस सेकंद असावी असे ठरवून द्यावे लागले. न उचललेल्या फोनची किंमत कोट्यवधींत मोजली जाते हे आमच्या आत्याला कळले असते, तर तिने इतकी वर्षे फुकट दिलेल्या मिसकॉलांचा हिशेब मागितला असता.

२००८ चा उन्हाळा आणि पावसाळा या इतिहासात एक आरसा धरतो. ११ जुलै रोजी अमेरिकेत ॲपलचा आयफोन थ्रीजी १९९ डॉलरला आला. आधीच्या फोनची किंमत ३९९ होती, म्हणून दोनशे डॉलरची घट म्हणून तिचे कौतुक झाले. पण दोन वर्षांचा करार सक्तीचा होता आणि डेटाचा मासिक आकार २० वरून ३० डॉलर केला होता. महिन्याला दहा, चोवीस महिन्यांचे दोनशे चाळीस. दोनशेची सूट देऊन दोनशे चाळीस परत घेणारी योजना स्वस्त कशी, हे ज्याला कळले नाही त्याने निदान आपल्या वाण्याला नावे ठेवू नयेत. २२ ऑगस्ट रोजी तोच फोन एअरटेल आणि व्होडाफोन यांनी भारतात आणला, ३१,००० रुपयांना. अमेरिकेतले १९९ डॉलर तेव्हा साडेआठ हजारांच्या आसपास होत. वर्तमानपत्रांनी हा भारतीय ग्राहकावरील अन्याय म्हणून रंगवला. वस्तुतः इथे खरी किंमत उघडी दिसत होती, तिथे ती बिलात लपली होती. खरी गंमत पुढे आहे. फोनच्या नावातच असलेली थ्रीजी सेवा त्या दिवशी भारतात कुठेही नव्हती. एमटीएनएलने ती दिल्लीत डिसेंबर २००८ मध्ये सुरू केली. खाजगी कंपन्यांसाठी लिलाव झाला २०१० मध्ये. त्या लिलावात पुन्हा तीच जुनी रेषा आडवी आली: एअरटेलला मुंबई मंडळ मिळाले, महाराष्ट्र मिळाले नाही, आयडियाला महाराष्ट्र मिळाले, मुंबई नाही. ज्याच्या खिशात तो महाग फोन होता तो रत्नागिरीत उतरला की त्याच्या नावातला 'थ्रीजी' हा शब्द निव्वळ अलंकार उरे.

अमेरिकेतली ती दोन वर्षांची करारपद्धत पुढे मोडली. टी-मोबाईलने २०१३ मध्ये तिला पहिला धक्का दिला, व्हेरायझनने २०१५ मध्ये आणि एटी अँड टी ने २०१६ च्या आरंभी ती सोडली. तिच्या जागी आले ते हप्ते आणि बिलातील मासिक वजावट. माझ्या न्यू जर्सीच्या भावाने आणलेली योजना हे याच वंशाचे अपत्य. तिचे तंत्र असे: यंत्राची पूर्ण किंमत तुमच्या नावे कर्ज म्हणून लिहिली जाते आणि दरमहा तेवढीच रक्कम माफ होते. मध्येच कंपनी सोडली तर माफी थांबते, कर्ज उरते. हप्ते फिटेपर्यंत फोन त्या कंपनीला कुलूपबंद राहू शकतो. शिवाय २०२२ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला सिमकार्डाची खाचच नसते. असा फोन संगमेश्वरच्या वाडीत पाठवणे म्हणजे किल्ली न्यू जर्सीत ठेवून कपाट कोकणात आणणे. जादा लाइनचे मासिक बिल आहेच. 'फुकट' या शब्दाची इतकी विस्तृत टीका एखाद्या टीकाकाराने आर्येवरही लिहिली नसेल.

याचा अर्थ भारतीय योजना प्रामाणिक होत्या असा नाही. डिसेंबर २००५ मध्ये आलेली 'आजीवन' प्रीपेडची घोषणा आठवावी. ९९९ रुपये एकदाच भरा, येणारे फोन आयुष्यभर. गावाकडच्या वृद्धांसाठी कित्येक मुलांनी ते कार्ड घेतले, आणि ते स्वाभाविक होते. 'आजीवन' हा शब्द आपल्याकडे ग्रंथालयाच्या आणि मासिकांच्या सभासदत्वामुळे विश्वासाचा झालेला. पण आयुष्य कुणाचे? ग्राहकाचे नव्हे, कंपनीच्या परवान्याचे, असा खुलासा नंतर झाला. २०१८ च्या अखेरीस मोठ्या कंपन्यांनी महिन्याला किमान ३५ रुपयांच्या भरण्याची अट घातली आणि ते आजीवन बारा-तेरा वर्षांत समाप्त झाले. मासिके बंद पडल्यावर आजीवन वर्गणीदारांचेही हेच होते, म्हणून आपण साहित्यिकांनी फार आश्चर्य दाखवू नये. आज फोनच्या कंपन्या सात वर्षे अद्यतने देण्याचे वचन देतात. गूगलने ते २०२३ च्या अखेरीस दिले, सॅमसंगने २०२४ च्या आरंभी. आमच्या मुंबईकराच्या तक्त्यात हा रकाना ठळक होता. सात वर्षे ही मुदत फोनची, की बॅटरीची, की वापरणाऱ्याची, हा प्रश्न ऐंशीच्या घरातल्या आत्यासमोर उच्चारण्याचे धैर्य कुणाला झाले नाही.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि बोलण्याची किंमत जवळजवळ नाहीशी झाली. जुलै २०१७ मध्ये घोषित झालेल्या जिओफोनने यंत्र आणि जोडणी यांची गाठ पुन्हा मारली, पण या वेळी विश्वास उलट्या दिशेने मागून: १५०० रुपये परतीची अनामत आधी ठेवा. २००३ च्या योजनेत कंपनीने ग्राहकावर भरवसा ठेवला होता, इथे ग्राहकाने कंपनीवर. दरम्यान तार जुलै २०१३ मध्ये बंद झाली होती, जुन्या पद्धतीची मनीऑर्डरही २०१५ मध्ये. पैसे आता त्याच फोनवरून जातात ज्यावरून बोलणे होते. मनीऑर्डरच्या कागदावर एकत्र असलेल्या दोन गोष्टी, पैसे आणि शब्द, शंभरेक वर्षांच्या फारकतीनंतर एका यंत्रात परत भेटल्या. संदेशाला लागणारी जागा मात्र आता अमर्याद आहे, आणि तरीही 'पाठवले आहेत, प्रकृती बरी' एवढेच लिहिले जाते.

उरला आत्याचा पहिला प्रश्न: मागच्या पडवीत लागेल का? कोणत्याही दुकानातल्या वैशिष्ट्यांच्या फलकावर याचे उत्तर नसते. जांभ्याचा सडा आणि त्याच्या पोटातल्या घळी अशी या जिल्ह्याची ठेवण आहे. मनोरा सड्यावर, वस्ती घळीत पाण्याजवळ, माडापोफळीच्या आड. 'रेंजला जाणे' हा आमच्याकडे अक्षरशः चालण्याचा वाक्प्रचार आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ दापोली-मंडणगडवरून गेले तेव्हा वीज आणि मनोरे दोन्ही कोसळले, आणि मुंबईतल्या लोकांना आपल्या माणसांची खबर कित्येक दिवस मिळाली नाही. ट्रंक कॉलच्या काळातली प्रतीक्षा एकविसाव्या शतकात परत आली होती, फक्त नोंदवायला खिडकी नव्हती. त्याच वर्षी शाळा-महाविद्यालये फोनवर भरू लागली, तेव्हा शेजारच्या सिंधुदुर्गातील एका विद्यार्थिनीने रेंज मिळावी म्हणून डोंगरावर झोपडी बांधून तिथे अभ्यास केल्याची बातमी गाजली. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरातही तेच: लाखाचा फोन आणि हजाराचा फोन एकाच वेळी मुके झाले. आपत्तीत थेट उपग्रहाला संदेश देण्याची सोय २०२२ साली आयफोनवर अमेरिका आणि कॅनडा येथे सुरू झाली. ती वाचून मला पहिल्यांदा वाटले की वरच्या श्रेणीच्या फोनमध्ये आमच्यासाठी काही असू शकते.

आणखी एक कसोटी मी त्या तक्त्यात हट्टाने घातली, तिच्यावर दोघे भाऊ हसले. फोनला 'दऱ्या' लिहिता येते का? अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत देवनागरी जोडाक्षरे धड जुळत नसत. जुळू लागली तेव्हाही मराठीचा हा अर्धा 'र' बराच काळ उपेक्षित राहिला, कारण हिंदीला त्याची गरज पडत नाही. तो न येणाऱ्या कळफलकावर 'दऱ्या' लिहायला जावे तर 'दर्या' उमटे. इतरत्र ही शुद्धलेखनाची बारीक चूक ठरेल; कोकणात डोंगराच्या बाजूला दऱ्या आहेत आणि दुसऱ्या बाजूला दर्या आहे, आणि कोणत्या बाजूला पाणी चढले ते संदेशात नीट कळणे आवश्यक आहे. २०१६ मध्ये केंद्र सरकारने भारतात विकल्या जाणाऱ्या फोनवर बावीसही अनुसूचित भाषा वाचता आल्या पाहिजेत, असा मानक घालून दिला. त्या दिवशी एकाही वाङ्मयीन नियतकालिकाने विशेषांक काढला नाही.

अखेर काय घेतले? तिघांचे कार्ड आळीपाळीने एका जुन्या फोनमध्ये घालून मी आत्याच्या घरात खोलीखोलीतून फिरलो. पडवीत कुणाचेच लागले नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीत बीएसएनएलच्या दोन दांड्या आल्या, सड्यावरच्या मनोऱ्याच्या कृपेने. मग रत्नागिरीच्या रामआळीतून अकरा हजारांचा, मोठ्या अक्षरांचा, विजेरीवाला आणि 'दऱ्या' लिहिणारा फोन रोख घेतला. न्यू जर्सीकराने वर्षभराचे रिचार्ज तिथूनच केले. मुंबईकराने खिडकीच्या गजाला फोन अडकवायला सुतळीची एक पिशवी शिवून घेतली. वरच्या श्रेणीचा तो फोन न्यू जर्सीकराने परत गेल्यावर स्वतःसाठी घेतला आहे आणि त्याचे छत्तीसपैकी काही हप्ते फिटले आहेत. आत्याचे रिचार्ज पुढच्या भाद्रपदाच्या आसपास संपते. त्या वर्षाचे कालनिर्णय तेव्हा आले नव्हते, म्हणून तिने तारीख चिठ्ठीवर लिहून देव्हाऱ्यात, गणपतीच्या पाटाखाली ठेवली आहे. तिच्याखाली आम्हा तिघांची नावे लिहिली आहेत, वयाच्या क्रमाने.